पुतळा राहू दे, गोष्ट पूर्ण सांगा

पुतळ्यांच्या बाबतीत आपण मराठी माणसं तशी अनुभवी. पुतळा कुठे बसवायचा, किती उंच, तोंड कुठल्या दिशेला, अनावरण कुणाच्या हस्ते, यावर आपल्याकडे जेवढ्या बैठका होतात तेवढ्या पाण्याच्या प्रश्नावर होत असतील का, शंकाच आहे. पण एकदा पुतळा उभा राहिला की त्याच्याशी वागायच्या दोनच रीती आपल्याला ठाऊक. जयंतीला हार घालायचा, नाहीतर राग आला की काळं फासायचं. इंग्लंडमध्येही चित्र फार वेगळं नाही. जून २०२० मध्ये ब्रिस्टल शहरात जमावाने एडवर्ड कोल्स्टन या गुलामांच्या व्यापाऱ्याचा पुतळा दोर लावून खाली ओढला आणि बंदरात ढकलून दिला. तेव्हापासून इथे गावोगावी तोच वाद चालू आहे. ठेवायचा की काढायचा?

माझं मत असं की बहुतेक पुतळ्यांच्या बाबतीत या प्रश्नाने फारसं काही हाती लागत नाही. पुतळा ठेवला तर तो जुनीच गोष्ट सांगत राहतो, काढला तर गोष्टच संपते. त्यापेक्षा पुतळ्याने जे सांगितलं नाही ते शेजारी लिहा. हे मी हवेत बोलत नाही. मी राहतो त्या गावातल्या एका पुतळ्याविषयी बोलतोय.

मी लीड्समध्ये सॉफ्टवेअर इंजिनीअर आहे, पण गेली सहा वर्षं राहायला शेजारच्या ब्रॅडफर्डमध्ये. घरं लीड्सपेक्षा स्वस्त, रेल्वेने वीस-पंचवीस मिनिटांचा प्रवास, आणि कोथिंबीर, मेथी, कारली यांना तोटा नाही. एकोणिसाव्या शतकात हे गाव लोकरीच्या धंद्याची राजधानी होतं. त्याच्या मॅनिंगहॅम भागात लिस्टर पार्क नावाची मोठी सुरेख बाग आहे. तळं, होड्या, फुलझाडं, मुलांना खेळायला जागा. बागेत शिरताना नॉर्मन आर्च नावाची जुन्या किल्ल्याच्या दरवाजासारखी कमान लागते आणि तिथून जवळच सॅम्युएल कनलिफ लिस्टरचा पुतळा उभा आहे.

कोण हा लिस्टर? जन्म १८१५, मृत्यू १९०६. घर श्रीमंत, वडील ब्रॅडफर्डमधून पार्लमेंटवर निवडून गेलेले. पण हा माणूस नुसता बापाच्या पैशावर बसून खाणारा नव्हता. त्याला यंत्रांचं वेड होतं. त्या काळी लोकरीचं सूत काढण्याआधी ती विंचरण्याचं काम हाताने चालायचं. त्यासाठी लिस्टरने डॉनिस्थॉर्प नावाच्या संशोधकाला हाताशी धरून यंत्र उभं केलं, पेटंटं घेतली, दुसऱ्यांची विकत घेतली, कोर्टात भांडला, आणि प्रचंड पैसा कमावला. त्याच्या नावावर दीडशेच्या वर पेटंटं होती. आमच्या धंद्यात असा माणूस आज असता तर त्याच्या मुलाखतींचे व्हिडिओ आम्ही दोनदा पाहिले असते.

त्याच्या आयुष्यातला एक धागा तर थेट आपल्या देशाशी जोडलेला आहे. १८५५ च्या सुमारास लंडनच्या एका गोदामात त्याला हिंदुस्थानातून आलेलं टाकाऊ रेशीम दिसलं. गाठी, काड्याकुड्या, मेलेले किडे असा सगळा लगदा. कुणी घ्यायला तयार नव्हतं. त्याने ते पौंडाला अर्धा पेनी अशा भावाने उचललं आणि त्यातून सूत काढायचं यंत्र बनवायच्या मागे लागला. पुढची दहा-बारा वर्षं त्याने त्यात पैसा ओतला. भागीदार सोडून गेले. शेवटी यंत्र जमलं आणि ज्याला जग कचरा म्हणत होतं त्याची मखमल व्हायला लागली. चिकाटी म्हणावी ती ही.

जुनी गिरणी १८७१ मध्ये जळाली, तेव्हा त्याने मॅनिंगहॅमच्या टेकडीवर नवी बांधली. तिचं धुराडं सुमारे २५० फूट उंच. आजही गावात कुठूनही दिसतं. लोक त्याला ‘लिस्टर्स प्राइड’ म्हणतात, लिस्टरचा अभिमान.

आता बागेचं. ही जमीन लिस्टर घराण्याची. १८७० मध्ये त्याने ती ब्रॅडफर्डच्या नगरपालिकेला ४०,००० पौंडांना विकली. किंमत बाजारभावाच्या निम्मीच होती असं म्हणतात, आणि अट ही की तिथे लोकांसाठी बाग व्हावी. धुराने काळ्या पडलेल्या गावात, जिथे कामगारांची घरं एकाला एक पाठ लावून उभी होती, तिथे ही केवढी मोठी गोष्ट होती हे वेगळं सांगायला नको. गावाने कृतज्ञता दाखवली. मॅथ्यू नोबल या त्या काळच्या नामांकित शिल्पकाराकडून पुतळा करून घेतला आणि मे १८७५ मध्ये खासदार विल्यम फॉर्स्टर यांच्या हस्ते त्याचं अनावरण झालं. लिस्टर तेव्हा साठ वर्षांचा, धडधाकट, जिवंत. पुढे तो आणखी एकतीस वर्षं जगला.

माझ्या मते सगळी गोम इथेच आहे. जिवंत माणसाचा पुतळा म्हणजे अर्ध्यावर छापलेलं प्रगतिपुस्तक. पुढचे पेपर अजून व्हायचे असतात.

लिस्टरचा पुढचा मोठा पेपर आला डिसेंबर १८९० मध्ये. अमेरिकेने त्या वर्षी मॅकिन्ली कायदा करून बाहेरून येणाऱ्या मालावर जबर जकात बसवली. मॅनिंगहॅमच्या गिरणीत तयार होणाऱ्या मखमलीला अमेरिकेत मोठं गिऱ्हाईक होतं, ते तुटायला लागलं. कंपनी तोपर्यंत भागधारकांची झाली होती, अध्यक्ष लिस्टर. कंपनीने नाताळच्या तोंडावर जाहीर केलं की विणकरांची मजुरी कापणार, साधारण चतुर्थांशाने, काहींची त्याहूनही जास्त. कारण काय दिलं? आमचे विणकर जर्मनीतल्या क्रेफेल्डच्या विणकरांपेक्षा जास्त घेतात, स्पर्धेत टिकायचं तर हे करावंच लागेल. वाचताना मी थबकलो. हे वाक्य मी माझ्या नोकरीत वेगवेगळ्या तोंडून, वेगवेगळ्या गावांची नावं घालून ऐकलेलं आहे. कधी पुण्याचं नाव असतं, कधी पोलंडमधल्या कुठल्यातरी शहराचं.

विणकर बाहेर पडले. बहुतेक बायका, बहुतेक कुठल्याही युनियनच्या सभासद नसलेल्या. सुरुवातीला हजार-अकराशे. हळूहळू बाकीची खातीही थांबली आणि वसंत ऋतू येईपर्यंत जवळपास पाच हजार माणसं कामाबाहेर होती. यॉर्कशायरचा हिवाळा, हातात पगार नाही. गावोगावहून वर्गणी यायची त्यावर घरं चालायची. नगरपालिकेने आणि पोलिसांनी संपवाल्यांच्या उघड्यावरच्या सभा रोखायला सुरुवात केली तसा तणाव वाढत गेला. १३ एप्रिल १८९१ ला गावात दंगल उसळली. महापौरांनी दंगल-कायदा वाचून दाखवला आणि संगिनी लावलेले सैनिक रस्त्यावर उतरले. एप्रिल संपता संपता, १९ आठवड्यांनी, संप मोडला. बायका कापलेल्या मजुरीवर कामावर परतल्या.

त्याच वर्षी जुलैमध्ये लिस्टरला सरदारकी मिळाली. तो लॉर्ड मॅशम झाला.

एवढ्यावर गोष्ट संपली असती तर ती हरलेल्यांच्या अनेक गोष्टींपैकी एक झाली असती. पण हरलेल्या माणसांच्या मनात एक हिशोब पक्का बसला. गिरणीचे मालक, नगरपालिकेतले पुढारी, न्यायाधीश ही सगळी एकाच वर्तुळातली माणसं, पक्ष कुठलाही असो. मग आपला माणूस कोण? संप मिटला त्याच्या पुढच्याच महिन्यात गावात कामगारांची राजकीय संघटना उभी राहिली. जानेवारी १८९३ मध्ये देशभरचे प्रतिनिधी याच ब्रॅडफर्डमध्ये जमले आणि ‘इंडिपेंडंट लेबर पार्टी’ स्थापन झाली. केर हार्डी तिचे अध्यक्ष. आजच्या लेबर पक्षाच्या मुळांपैकी एक मोठं मूळ ते. म्हणजे ज्या गिरणीच्या मालकाचा पुतळा बागेत आहे, त्याच गिरणीतल्या बायकांनी या देशाच्या राजकारणाची दिशा बदलायला हातभार लावला. पण पुतळा १८७५ चा आणि संप १८९० चा. दगडातल्या लिस्टरला यातलं काही ठाऊक असण्याचा प्रश्नच येत नाही.

मग पाडायचा का हा पुतळा? माझं उत्तर स्पष्ट ‘नाही’ असं आहे. लिस्टर हा काही कोल्स्टन नव्हे. त्याने माणसं विकली नाहीत. त्याने यंत्र केलं, हजारोंना काम दिलं, गावाला बाग दिली. उतारवयात याच बागेत एडमंड कार्टराइट या यंत्रमागाच्या जनकाच्या नावाने कलादालन बांधायला पुन्हा ४०,००० पौंड देऊ केले. कार्टराइट हॉल १९०४ मध्ये उघडला. परवा २०२५ मध्ये ब्रॅडफर्ड ब्रिटनचं सांस्कृतिक शहर होतं, तेव्हा टर्नर प्राइझचं प्रदर्शन याच इमारतीत भरलं होतं. हे सगळं त्याच्या खात्यावर जमा आहे आणि ते कुणी खोडू नये.

पण खातं म्हटलं की दोन बाजू आल्या. यंत्राचंच घ्या. लोकर हाताने विंचरणारे लोक घरातच कोळशाच्या शेगडीवर लोखंडी फण्या तापवून काम करायचे. कोंदट खोली, धूर, खोकला, आणि पदरात पडायचं तुटपुंजं. यंत्राने ते भयंकर काम संपवलं हे चांगलंच झालं. पण त्याबरोबर १८४० आणि ५० च्या दशकांत ब्रॅडफर्ड परिसरातल्या हजारो घरांचं पोट गेलं, आणि त्यांना कुणी दुसरं काम शिकवलं नाही की भरपाई दिली नाही. चार लोकांचं काम एक करील अशी सॉफ्टवेअर लिहिणं हाच माझा धंदा आहे, त्यामुळे या बाबतीत मी लिस्टरकडे बोट दाखवून मोकळा होऊ शकत नाही. मी एवढंच म्हणतो की यंत्राचं कौतुक सांगणाऱ्याने त्या हातांचंही काय झालं ते त्याच दमात सांगावं.

याला काही ठरावीक आक्षेप घेतले जातात. ऑफिसात आणि शेजारी, दोन्हीकडे मी ते ऐकलेत.

पहिला: “त्या काळी असंच होतं, आजच्या फूटपट्टीने मोजू नका.” मान्य. पण त्या काळच्याच पाच हजार माणसांनी उपाशी राहून सांगितलं होतं की हे बरोबर नाही. त्यांची फूटपट्टी तरी त्याच काळातली होती ना?

दुसरा: “अरे, बाग दिली की त्याने! फुकटात फिरतोस.” खरंय. पण बाग द्यायला लागणारा पैसा आला कुठून? अर्धी अक्कल लिस्टरची आणि अर्धे हात विणणाऱ्या बायकांचे. देणगीदाराचं नाव लागतं, कष्ट करणाऱ्यांचं लागत नाही, ही रीत आपल्याकडच्या शाळा, धर्मशाळांपासून इथल्या बागांपर्यंत सारखीच. ती जगरहाटी आहे म्हणून बरोबर ठरत नाही.

तिसरा आक्षेप मला जास्त लागतो: “तू बाहेरून आलेला. तुला आमच्या पुतळ्याचं काय पडलंय?” कुणी हे तोंडावर म्हणत नाही, पण आवाजात असतं. माझं उत्तर असं. आज मॅनिंगहॅममध्ये राहतं कोण? मोठ्या संख्येने पाकिस्तानातल्या मीरपूर भागातून आलेली कुटुंबं. १९५० आणि ६० च्या दशकांत गिरण्यांना रात्रपाळीला माणसं मिळेनाशी झाली, तेव्हा ही मंडळी आली. त्याच सुमारास मंगला धरणाखाली मीरपूरची गावं गेली आणि ओघ वाढला. गोऱ्या कामगारांना नको असलेल्या पाळ्या त्यांनी केल्या. पुढे १९९० च्या दशकात लिस्टरची गिरणीही बंद पडली आणि आता तिच्यातल्या काही भागात महागडे फ्लॅट झालेत. गावाने या नव्या माणसांची दखल घेतलीच नाही असं नाही. २००१ मध्ये याच लिस्टर पार्कमध्ये मुघल पद्धतीची जलउद्यानं झाली. कारंजी, सरळ पाण्याचे पाट, दोन्ही बाजूंना झाडं. उन्हाळ्यातल्या रविवारी तिथे आज्या बाकांवर बसतात आणि पोरं पाण्यात हात घालतात. म्हणजे बाग बदलू शकते हे गावाने मान्य केलेलंच आहे. मग पुतळ्याभोवतीचे चार शब्दच तेवढे का बदलू नयेत? आणि ‘आमचा’ पुतळा म्हणाल तर कौन्सिल टॅक्स मीही भरतो, बागेच्या हिरवळीच्या कापणीत माझेही पैसे आहेत.

मला या गोष्टीत एवढा रस असण्याचं घरगुती कारणही आहे. माझे आजोबा लालबागच्या एका गिरणीत साचे चालवायचे. १९८२ च्या संपात घरी बसले ते परत कामावर गेलेच नाहीत. त्या संपात मुंबईचे सुमारे अडीच लाख गिरणी कामगार होते. गिरण्यांच्या जागी आज मॉल आणि टॉवर आहेत, मधूनच एखादं धुराडं शोभेला ठेवलेलं. मॅनिंगहॅमचं धुराडं पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला ते परकं वाटलं नाही. आणि एक तारीख तर थक्क करणारी आहे. ज्या १८९० मध्ये मॅनिंगहॅमच्या बायका संपावर गेल्या, त्याच वर्षी १० जूनला जोतीराव फुल्यांचे सहकारी नारायण मेघाजी लोखंडे यांच्या प्रयत्नांना यश येऊन मुंबईच्या गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी मिळाली. दोन शहरं, एकच साम्राज्य, एकच वर्ष, एकाच प्रकारची माणसं. एकीकडे जिंकली, दुसरीकडे हरली. आपण मराठी लोक जगभर रविवारी निवांत उठतो, पण किती जणांना लोखंड्यांचं नाव चटकन आठवतं? मालकांचे पुतळे मात्र मुंबईतल्या चौकाचौकांत आपण ओळखतो. तेव्हा हा दोष एकट्या ब्रॅडफर्डचा नाही.

मग करायचं काय? माझ्या मागण्या साध्या आहेत आणि कुठल्याही नगरपालिकेला परवडतील अशा आहेत. एक, लिस्टरच्या पुतळ्यापाशी, त्याच्याकडे तोंड करून उभं राहिल्यावर वाचता येईल असा फलक. त्यावर यंत्र, रेशीम, बाग हे सगळं असावं आणि संप, सैनिक, १९ आठवडे हेही असावं, तेवढ्याच मोठ्या अक्षरांत. दोन, तो इंग्रजीबरोबर उर्दू आणि पंजाबीतही असावा, कारण बागेत बसणाऱ्या आज्यांना तो वाचता आला पाहिजे. तीन, जमलंच तर विणकर बाईचं एक शिल्प. चौथऱ्यावर नको, जमिनीवर, माणसाच्या उंचीचं.

हे अवघड आहे असं कुणी म्हणेल तर त्याला याच बागेतल्या दुसऱ्या पुतळ्याची हकिकत सांगावी. सर टायटस सॉल्ट हे ब्रॅडफर्डचे माजी महापौर आणि सॉल्टेअर हे कामगारांचं गाव वसवणारे गिरणीमालक. त्यांचा संगमरवरी पुतळा १८७४ मध्ये, तेही जिवंत असताना, थेट टाउन हॉलसमोर बसवला होता. वर नक्षीदार छत्री वगैरे. पुढे वाहतुकीला अडचण व्हायला लागली. मग १८९६ मध्ये गावाने तो तिथून उचलला आणि लिस्टर पार्कात आणून ठेवला. टांगे आणि ट्राम सुरळीत जाव्यात म्हणून एवढा थोरला पुतळा छत्रीसकट हलवता येतो, तर खऱ्या गोष्टीसाठी एक फलक लावता येणार नाही?

पुतळा काढून टाकला तर लिस्टरबरोबर त्या बायकांची आठवणही जाईल, कारण त्यांच्याकडे जायचा रस्ता आज त्याच्याच पुतळ्यावरून जातो. ज्या वाचकांचे मुलगा-सून, लेक-जावई इथे यॉर्कशायरमध्ये आहेत आणि जे उन्हाळ्यात दोन-तीन महिने येतात, त्यांनी एक दिवस जरूर काढावा. लिस्टर पार्क पाहा, मुघल बागेत डबा खा. मग तिथून चढ चढून पंधरा-वीस मिनिटांत गिरणीपर्यंत चालत जा आणि धुराडं खालून वर पाहा. सोबत नातवंडं असतील तर त्यांना विचारा की ही बाग कुणी दिली. ती लिस्टरचं नाव सांगतील. तेही खरंच आहे. पण विणकर बायकांची गोष्ट त्यांना तुम्हीच सांगा, फलक लागेपर्यंत ती तोंडीच सांगावी लागेल.